वास्तुअभिकल्प प्रकल्प

वास्तुअभिकल्प प्रकल्प : वास्तुकलेच्या पदवी व पदविका अभ्यासक्रमांत विद्यार्थ्याने एखाद्या नियोजित इमारतीचा अथवा इमारतसमूहाचा स्वतंत्रपणे केलेला संपूर्ण आराखडा. गरजांची मांडणी, जागेचा अभ्यास, संकल्पना, मोजमापी आरेखने, प्रतिकृती व शिक्षकांसमोरील समर्थन ही त्याची प्रमुख अंगे होत. यातील बहुतेक इमारती कधीच बांधल्या जात नाहीत. तथापि जागा, हवामान, वापरणारी माणसे, बांधकामाची सामग्री व खर्च या घटकांचा एकत्रित विचार करण्याची शिस्त विद्यार्थ्याच्या अंगी यातूनच बाणते. म्हणून वास्तुकलाशिक्षणाचा हा कणा मानला जातो. विषयाच्या दृष्टीने या प्रकल्पांचे निवासी, शैक्षणिक व सार्वजनिक असे तीन ठळक वर्ग पडतात. प्रस्तुत नोंदीत त्यांच्या विवेचनासाठी सोलापूर शहर व जिल्हा यांचे उदाहरण घेतले आहे.

ऐतिहासिक आढावा : पूर्वी वास्तुविद्या ही कारागिरीचा भाग म्हणून प्रत्यक्ष कामावर, गुरूच्या अगर वडिलांच्या हाताखाली शिकली जाई. कागदावरील काल्पनिक इमारतीच्या द्वारे शिकविण्याची पद्धत फ्रान्समध्ये विकसित झाली. पॅरिस येथे १६७१ मध्ये वास्तुकलेची राजकीय अकादमी स्थापन झाली व पुढे ‘एकोल दे बोझार’ या संस्थेत ही पद्धत परिपूर्ण झाली. तेथे विद्यार्थ्याला विषय देऊन बंदिस्त कक्षात ठराविक तासांत प्राथमिक रेखाटन करावयास लावीत. नंतर कित्येक आठवडे चालणारे अंतिम आरेखन त्या पहिल्या रेखाटनाशी सुसंगत असणे बंधनकारक असे. पहिल्या विचाराची जबाबदारी शेवटपर्यंत वाहण्याचा हा दंडक होता. मात्र या पद्धतीत प्रमाणबद्ध दर्शनी भाग व रेखीव आरेखन यांना नको तेवढे महत्त्व आले. जर्मनीत वाल्टर ग्रोपिउस याने १९१९ मध्ये स्थापन केलेल्या ‘बौहाउस’ या संस्थेने सामग्री हाताळणे, कार्यशाळेतील काम व उपयुक्तता यांवर भर देऊन त्याला वेगळे वळण दिले. ही संस्था १९३३ मध्ये बंद पडली. परंतु तिच्या विचारांचा प्रभाव जगभरच्या वास्तुशिक्षणावर राहिला.

महाराष्ट्रात या शिक्षणाचा उगम मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत झाला. ही संस्था १८५७ मध्ये सुरू झाली आणि १८९६ मध्ये तेथे आरेखकांसाठी वर्ग उघडण्यात आला. सरकारी कचेऱ्यांना व वास्तुविशारदांना नकाशे काढणारे साहाय्यक पुरविणे एवढाच त्याचा हेतू होता. १९१३ मध्ये रॉबर्ट केबल यांच्या प्रमुखत्वाखाली वास्तुकलेचा चार वर्षांचा अभ्यासक्रम आकारास आला व दुसऱ्याने योजिलेले आरेखित करणारा विद्यार्थी स्वतः योजना करू लागला. पुढे दीर्घकाळ या विभागाची धुरा वाहणारे क्लॉड बॅटली (१८७९–१९५६) यांनी जुन्या भारतीय इमारतींची प्रत्यक्ष मोजमापे घेऊन त्यांची आरेखने करण्याचा प्रघात दृढ केला. पेरीन मिस्त्री यांनी १९३६ मध्ये येथून पदविका मिळविली. वास्तुकलेची पदविका घेणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री समजल्या जातात. कोकणातील आचरे येथे जन्मलेले अच्युत कानविंदे (१९१६–२००२) याच संस्थेचे विद्यार्थी. नंतर त्यांनी अमेरिकेत हार्व्हर्ड विद्यापीठात ग्रोपिउस यांच्या हाताखाली शिक्षण घेतले. त्यांच्या द्वारे बौहाउसची विचारसरणी भारतीय शैक्षणिक संकुलांच्या रचनेपर्यंत पोहोचली. १९५८ मध्ये वास्तुकला विभागाचे स्वतंत्र महाविद्यालय झाले.

अभ्यासक्रमातील स्थान : वास्तुविशारद अधिनियम, १९७२ अन्वये वास्तुकला परिषद स्थापन झाली व तिच्या १९८३ च्या विनियमांनी देशभरातील पदवी अभ्यासक्रमाची किमान मानके ठरविली. पाच वर्षांचा अभ्यासक्रम, त्यात वास्तुविशारदाच्या कार्यालयातील प्रत्यक्ष अनुभवाचा काळ व दर आठ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक अशी ती तरतूद होती. हे विनियम २०२० मध्ये बदलण्यात आले. इतके कमी प्रमाण ठेवण्याचे कारण अभिकल्पाच्या अध्यापनपद्धतीत आहे. हा विषय व्याख्यानांतून शिकविता येत नाही. शिक्षक प्रत्येकाच्या आरेखनफलकापाशी बसून त्याच्या रेषेची कारणे विचारतो.

प्रकल्पांची काठिण्यपातळी वर्षागणिक वाढत जाते. पहिल्या वर्षी बसथांबा, उद्यानातील निवारा यांसारखी एका खोलीची रचना. दुसऱ्या वर्षी घर, बालवाडी, लहान दवाखाना. तिसऱ्या वर्षी शाळा, ग्रंथालय, वसतिगृह. चौथ्या वर्षी गृहसंकुल, रुग्णालय, नाट्यगृह. आणि शेवटच्या वर्षी विद्यार्थ्याने स्वतः निवडलेल्या विषयावरील प्रबंध-प्रकल्प असा सर्वसाधारण क्रम असतो.

प्रकल्पाचे टप्पे : पहिला टप्पा गरजपत्रकाचा होय. इमारतीत कोण, किती वेळ, काय करणार व त्यासाठी किती जागा लागेल, याचा हा ताळेबंद असतो. दुसऱ्या टप्प्यात जागेचा अभ्यास येतो : उतार, माती, झाडे, वारा, सूर्याचा मार्ग, रस्ते, पाणी व सांडपाणी यांची नोंद. तिसऱ्यात तशाच वापराच्या प्रत्यक्ष इमारतींना भेट देऊन त्यांचे गुणदोष तपासले जातात. त्यानंतर संकल्पना, खोल्यांच्या परस्परसंबंधांचे आलेख व कच्ची रेखाटने होतात आणि त्यांतून तलविन्यास, छेद व दर्शनी आराखडा सिद्ध होतात. विद्यार्थी यांना प्लॅन, सेक्शन व एलेव्हेशन या नावांनी ओळखतात. संपूर्ण जागेसाठी १:२०० किंवा १:५००, इमारतीसाठी १:१०० व बारकाव्यांसाठी १:५० अगर १:२० अशी प्रमाणे वापरतात. पुठ्ठा, लाकूड किंवा थर्मोकोल यांची प्रतिकृती ही केवळ शोभेची वस्तू नसते; कागदावर न जाणवणारी उंची व अंधार ती उघड करते.

या सर्वांत छेदाचे महत्त्व नवशिक्या विद्यार्थ्यास उशिरा उमगते. तलविन्यास खोल्यांची मांडणी दाखवितो. परंतु ऊन किती आत येईल, वारा कोणत्या उंचीवरून वाहील, पावसाचे पाणी कोठे जाईल व छताचा भार कसा उतरेल, ही माहिती छेदातूनच मिळते.

सोलापूरचे उदाहरण : सोलापूर सु. १७° ४०′ उत्तर अक्षांशावर, दख्खनच्या पठारावरील कमी व अनिश्चित पावसाच्या पट्ट्यात वसले आहे. एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४०° से.च्या वर जाते. या अक्षांशावर २१ जूनला माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेस असतो, तर २२ डिसेंबरच्या सुमारास तो दक्षिणेस क्षितिजापासून सु. ४९° उंचीवर येतो. यावरून अभिकल्पाचा एक साधा नियम निघतो. दक्षिणेकडील १·२ मी. उंचीच्या खिडकीवर, तिच्या वरच्या कडेलगत, ०·६ मी. रुंदीचा छज्जा दिल्यास मार्च ते सप्टेंबर माध्यान्हीचे ऊन आत येत नाही व हिवाळ्यात खिडकीच्या खालच्या भागातून ते येऊ शकते. पश्चिमेचे ऊन मात्र तिरपे असल्याने छज्जाने अडत नाही. त्या बाजूस जिना, कोठार व स्वच्छतागृह ठेवणे, ओसरी काढणे अथवा झाडे लावणे हे उपाय करावे लागतात. मुंबईच्या दमट हवेसाठी तयार झालेला आराखडा येथे जसाच्या तसा उतरविल्यास तो का फसतो, हे विद्यार्थ्यास या एका गणिताने कळते.

या भागातील जुनी घरे माळवदाची होती. तुळयांवर कड्या, त्यांवर फळ्या किंवा काटक्या व वर मातीचा जाड थर, असे हे सपाट छत. खाली जाड दगडमातीच्या भिंती आणि आत चौक. दिवसा तापलेल्या भिंतीची व छताची उष्णता आत पोहोचेपर्यंत रात्र होई व त्या वेळी घरची माणसे चौकात किंवा माळवदावर झोपत. पातळ काँक्रीटचा स्लॅब मात्र दुपारी तापतो व संध्याकाळपासूनच आत उष्णता सोडू लागतो.

तथापि परंपरेचे आंधळे अनुकरणही घातक ठरते. सोलापूरच्या ईशान्येस सरळ अंतराने सु. ८० किमी.वर असलेल्या किल्लारी परिसरात ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे भूकंप झाला. अधिकृत आकड्यांनुसार सु. ८,००० लोक मृत्यू पावले. मातीत रचलेल्या गोल दगडांच्या जाड भिंती व त्यांवरील वजनदार माळवदे झोपलेल्या लोकांवर कोसळली, हे मनुष्यहानीचे मुख्य कारण होते. भिंतीचे आतील व बाहेरील पदर आरपार जाणाऱ्या दगडांनी बांधलेले नव्हते आणि जोते, दारांचा माथा व छत या पातळ्यांवर भिंतींना एकत्र धरून ठेवणारे पट्टे नव्हते. त्यामुळे या प्रदेशातील कोणत्याही निवासी प्रकल्पात विद्यार्थ्यापुढे दुहेरी प्रश्न उभा राहतो : माळवदाचा गारवा राखावयाचा, परंतु त्याचा भार व त्याची दुर्बलता टाळावयाची. हलके उष्णतारोधक छत, चुन्याने पांढरी केलेली गच्ची, सावलीचा मांडव व भूकंपरोधक पट्टे असलेल्या भिंती ही त्याची काही उत्तरे होत.

निवासी प्रकल्प : सोलापूर हे गिरण्या, हातमाग, यंत्रमाग व विडी यांचे शहर. येथील पहिली कापडगिरणी १८७७ मध्ये निघाली. शहराच्या पूर्व भागात तेलुगू भाषक पद्मशाली समाजाची मोठी वस्ती असून तेथे घर व माग एकाच छताखाली अथवा शेजारी असतात. अशा कुटुंबासाठी घर योजताना शयनगृह, स्वयंपाकघर व दिवाणखाना हे पुस्तकी वर्गीकरण अपुरे पडते. मागाला लागणारी लांबी, सुताची ने-आण, यंत्राचा आवाज व कंप, तंतूंची धूळ आणि शेजारी झोपलेले मूल यांचा विचार गरजपत्रकातच यावा लागतो.

विडीकामगार स्त्रियांचे घर हा याहून बोधप्रद विषय आहे. विडी वळण्याचे काम बहुधा घरीच, जमिनीवर बसून, मांडीवर सूप घेऊन चालते. भिजविलेली तेंदूची पाने कात्रीने कापणे, त्यांत तंबाखू भरणे व दोऱ्याने बांधणे यांसाठी हाताजवळ उजेड हवा. तंबाखूची धूळ बाहेर जाण्यासाठी वारा हवा. खिडकीची खालची कड जमिनीपासून ०·९ मी. उंच ठेवण्याचा जो सर्रास प्रघात आहे, तो खुर्चीवर बसणाऱ्याच्या वा उभ्या माणसाच्या सोयीचा आहे. जमिनीवर बसलेल्या स्त्रीच्या डोक्यावरूनच वारा निघून जातो. तीच कड ०·३ ते ०·४५ मी.वर आणून खिडकीला गज बसविल्यास खर्च फारसा वाढत नाही. परंतु कामाचे स्वरूप व आरोग्य दोन्ही बदलते. हा निष्कर्ष प्रमाणग्रंथात मिळत नाही. त्यासाठी घरात जाऊन बसावे लागते.

सोलापूरलगत कुंभारी येथे विडीकामगारांसाठी गोदूताई परुळेकर यांच्या नावाची १०,००० घरांची वसाहत झाली व तिचे लोकार्पण २००६ मध्ये झाले. त्याच परिसरात असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांची रे नगर योजना हाती घेण्यात आली आणि तिच्यातील पहिली १५,००० घरे जानेवारी २०२४ मध्ये लाभार्थींना देण्यात आली. प्रधानमंत्री आवास योजनेच्या पहिल्या टप्प्यात दुर्बल घटकांच्या घराचे चटईक्षेत्र ३० चौ. मी.पर्यंत धरलेले होते. एवढ्या क्षेत्रात पाच माणसांचे कुटुंब व त्याचा घरगुती व्यवसाय बसविणे, हा कसोटीचा अभ्यास आहे. हजारो वेळा पुनरावृत्त होणाऱ्या घरात एक मीटर जागा वाया गेली, तर ती हजारो कुटुंबांची वाया जाते. तुलनेसाठी चार्ल्स कोरिया यांनी नवी मुंबईत बेलापूर येथे १९८३–८६ या काळात केलेली गृहरचना अभ्यासतात. तेथे सु. सहा हेक्टर जागेत ५५० कुटुंबांची सोय असून सात घरे मिळून एक लहान चौक होतो. भिंती सामाईक नसल्याने प्रत्येक कुटुंबास आपले घर सवडीने वाढविता येते.

शैक्षणिक प्रकल्प : शाळेच्या वर्गाचा अभिकल्प प्रकाशापासून सुरू होतो. खिडकीतून येणारा उपयुक्त उजेड साधारणतः खिडकीच्या माथ्याच्या उंचीच्या दोन ते अडीच पट अंतरापर्यंत पोहोचतो. माथा २·१ मी.वर असल्यास ही मर्यादा सु. ५ मी. होते. म्हणून ६ मी. रुंदीच्या वर्गास दोन्ही बाजूंनी प्रकाश देणे इष्ट असते. अशा वेळी दोन्ही अंगांना वर्ग व मधून अंधारी वाट, ही जागा वाचविणारी मांडणी सोडून एका अंगास वर्ग व दुसऱ्या अंगास ओसरी अशी मांडणी करावी लागते. ती ओसरी सावली देते व मधल्या सुटीत मुलांना बसावयास उपयोगी पडते.

उच्च शिक्षणाच्या संकुलांत अंतर व सावली हे प्रश्न प्रमुख होतात. सोलापूर विद्यापीठ २००४ मध्ये केवळ एका जिल्ह्यासाठी स्थापन झाले व २०१९ पासून ते पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने ओळखले जाते. पुणे रस्त्यावरील अशा विस्तृत, उघड्या माळावर इमारती दूरदूर विखुरल्यास एप्रिलमध्ये एका विभागातून दुसऱ्यात चालत जाणे कठीण होते. कानविंदे यांनी कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत ग्रंथालय मध्यवर्ती ठेवून विभाग आच्छादित पादचारी मार्गांनी जोडले. उष्ण प्रदेशातील संकुलाचे उदाहरण म्हणून विद्यार्थ्यांनी ते अभ्यासण्याजोगे आहे. पाण्याचे गणितही याच वर्गात शिकविता येते. १,००० चौ. मी. छतावर वर्षभरात ५०० मिमी. पाऊस पडला व त्याचा ८० टक्के भाग साठविला, तर ४ लाख लि. पाणी मिळते. टाकीची जागा व छताचा उतार हे विषय मग दर्शनी भागाइतकेच महत्त्वाचे ठरतात.

सार्वजनिक प्रकल्प : सार्वजनिक इमारतीचा वापर सर्व दिवशी सारखा नसतो आणि विद्यार्थी नेमके हेच विसरतात. सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर येथे आषाढी व कार्तिकी एकादशीस लक्षावधी वारकरी येतात; इतर दिवशी गर्दी त्या मानाने कमी असते. यात्रेकरूंचे निवासस्थान कमाल संख्येसाठी बांधल्यास वर्षातील बराच काळ ते ओस पडते व सरासरी संख्येसाठी बांधल्यास वारीत अपुरे पडते. कायम बांधकाम थोडे ठेवून पाणी, स्वच्छतागृहे, वीज, सपाट व निचऱ्याची जमीन यांची तरतूद मोठी करणे आणि वर मांडव उभारता येईल अशी सोय ठेवणे, हा यावरील एक विचार आहे.

सोलापूर शहरात तलावातील सिद्धेश्वर मंदिर, लगतचा भुईकोट किल्ला व होम मैदान हा परिसर असाच आहे. मकरसंक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराची यात्रा भरते. नंदीध्वजांची मिरवणूक निघते व मैदानावर ‘गड्डा’ भरतो. ‘मोकळी जागा’ समजून विद्यार्थ्याने येथे संग्रहालय वा सभागृह योजिले, तर ते आरेखन कितीही सुबक असो, शहराच्या एका चालत आलेल्या रीतीवर घाला पडतो. काय बांधू नये हे ठरविणे हाही अभिकल्पाचाच निर्णय असतो. मिरवणुकीचा मार्ग, तलावाचा काठ, वृद्ध व अपंग व्यक्तींसाठी १:१२ पेक्षा तीव्र नसलेला उतार आणि गर्दी सुरक्षितपणे बाहेर पडण्याच्या वाटा यांची नेटकी योजना हाच तेथे परिपूर्ण प्रकल्प होऊ शकतो.

समीक्षा व मूल्यमापन : पूर्ण झालेला प्रकल्प विद्यार्थी भिंतीवर मांडतो व शिक्षक आणि बाहेरून आलेले वास्तुविशारद यांच्यापुढे त्याचे समर्थन करतो. या समीक्षेस ‘ज्यूरी’ म्हणतात. चांगल्या समीक्षेत प्रश्नांचा रोख कारणांवर असतो : दार येथे का, जिना पूर्वेस का, ही भिंत कशाची, पाणी कोठे जाते. वाईट समीक्षेत परीक्षकाची आवडनिवड निकाल ठरविते आणि रंगीत, चकचकीत आरेखनाला गुण मिळतात. संगणकीय आरेखन व त्रिमितीय चित्रे रूढ झाल्यावर हा धोका वाढला. कारण अपुरा विचारही आता पूर्ण इमारतीसारखा दिसू शकतो. दुसरी अडचण भाषेची आहे. समीक्षा बहुतेक इंग्रजीत होते, तर इमारत वापरणारे लोक सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू वा दखनी बोलतात. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी फलकापुढे अडखळतो, तरी विडीकामगार स्त्रीला नेमका प्रश्न तोच विचारू शकतो. या क्षमतेला गुणपत्रिकेत स्थान देणे गरजेचे आहे.

मर्यादा व महत्त्व : कागदी प्रकल्पात खर्च, ठेकेदार, परवानगी व प्रत्यक्ष वीट यांचा संबंध तुटक असतो. विद्यार्थ्याने रेखाटलेली तुळई कधी वाकत नाही व त्याचे छत कधी गळत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी बांधकामस्थळी भेटी, सामग्रीच्या कार्यशाळा, जुन्या वास्तूंची मोजमापे व कार्यालयीन उमेदवारी यांची जोड दिली जाते. कागदावरील चुकीने कोणास इजा होत नाही, हीच या पद्धतीची सोय व हाच तिचा धोका. चूक करून शिकण्याची मोकळीक पुढे व्यवसायात मिळत नाही. बांधलेल्या घरातील उंच खिडकी किंवा पट्ट्यांवाचूनची भिंत तेथे राहणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या सोसावी लागते. आपल्या प्रत्येक रेषेपाठीमागे जागा, ऊन, सामग्री व माणूस यांपैकी कोणते तरी कारण दाखविण्याची सवय विद्यार्थ्यास लागली, तर न बांधलेल्या इमारतीने आपले काम केले असे समजावे. (→ नगररचना, वास्तुकला).